आठवीतली दहावी

अरुंधतीबाईंनी आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या धड्यांचा तक्ता पुढे ठेवला आणि चिंचवडच्या मुलींच्या शाळेचे मुख्याध्यापक सदाशिवराव यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जंतू, आहार, बाळंतपण, विजेची जोडणी, दहावीचे सगळे धडे बाईंनी आठवीतच कोंबले होते. सदाशिवरावांनी लाल पेन्सिलीने सरळ आडवी रेघ मारली.

"अहो, सोपं आधी, अवघड मागाहून, एवढंही कळू नये?"

"कळतं, सर. पण आठवीत माझ्यासमोर एकतीस मुली बसतात आणि दहावीत पाच. बाकीच्यांची लग्नं होतात, नाहीतर धाकट्यांना सांभाळायला त्या घरी बसतात. त्यांची दहावी आठवीतच व्हायला हवी."

सदाशिवरावांनी स्वतःच ती रेघ खोडली आणि कपाटातून सातवीचं हजेरीपुस्तक काढून बाईंपुढे सरकवलं.

"गळती इथूनच लागते, बाई. सातवीचाही तक्ता तुम्हीच करा."