शेवटच्याची सोबत

"आमच्या रनिंग क्लबात शेवटच्या माणसाला कुणी एकटं सोडत नाही," असं कोचने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या रविवारी त्यांच्या सोबतीला डॉक्टरीणबाई मागे थांबल्या. पुढच्या रविवारी पाच-सहा जण थांबले. महिन्याभरात अख्खा क्लब त्यांच्याभोवती गप्पा हाणत रमतगमत चालू लागला. काय तो जिव्हाळा! मास्तरांना अगदी भरून आलं. या भल्या माणसांना आपलं ओझं नको, म्हणून ते घरच्या गच्चीवर गुपचूप सराव करू लागले आणि एका रविवारी खरंच सुसाट सुटले.

कोचने धापा टाकत त्यांना कसंबसं गाठलं आणि हात जोडले.

"काका, तुम्हीच असे पळायला लागलात, तर आम्ही कुणाच्या नावाखाली चालायचं?"