यशोदाबाईंनी मासे सोडले

“बुधवारी तारले, शुक्रवारी पेडवे, आयतवारी बांगडे. सुरमयचा नाव काढू नको,” चारुताने नवऱ्याला बजावलं.

पडवीत आडवा झालेला सुशांत नुसता हुंकारला. दर रविवारी दुपारी आठवड्याचं जेवण असंच ठरायचं. दोघंही ओरोसला नोकरीला. देवबागहून सकाळची पहिली एसटी धरायची, मालवणला उतरून दुसरी पकडायची, आणि परत येईपर्यंत दिवेलागण. अशांना रोज उठून ‘आज काय करायचं’ हे चोचले परवडत नाहीत. आठवड्याचं खोबऱ्याचं वाटप चारुता रविवारीच वाटून फ्रीजमध्ये ठेवी. सोमवारी कुळथाची पिठी, गुरुवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, शनिवारी परसात जे मिळेल ते. काटकसर होती, पण ताट कधी रडकं नसे. शिल्लक पडेल ते सगळं कोल्हापूरच्या डॉक्टरकडे जाई. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

“आणि आयेक काय?” सुशांतने विचारलं.

आईंची गोष्ट वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी यशोदाबाई एका संध्याकाळी देवळातून आल्या आणि म्हणाल्या, “आजपासून माका मासे वाढू नको गो. नवस बोललंय.”

देवबागात जन्मलेली आणि देवबागातच दिलेली बाई! लहानपणी माशाच्या डोक्यासाठी सख्ख्या भावाशी मारामारी केलेली. तिने मासे सोडायचे म्हणजे काय, हे वाटाण्याच्या उसळीवर वाढलेल्यांना कळायचं नाही.

नवस कसला, ते कुणी विचारलं नाही. पुरा व्हायच्या आत तो बोलून दाखवला तर फळत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि विचारायचं तरी कशाला? चारुता त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती.

अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळाली नसती. शेजारची मथुराकाकी भर लग्नात चारुताला ‘वांझ’ म्हणाली होती. यशोदाबाईंनी सात वर्षांत एक टोमणा मारला नाही, नातवाचा विषयसुद्धा काढला नाही. सकाळी रापणीचं जाळं किनाऱ्याला लागलं की स्वतः जाऊन स्वस्तात मासे आणायच्या, साफ करून हळद-मीठ लावून ठेवायच्या, आणि आपण पिठीभात जेवायच्या. कालवणाचा वास सुटला की मात्र त्या उठून मागल्या दारी जाऊन बसत. ते बघून चारुताच्या घशाखाली घास उतरत नसे.

तिथे बसून त्या सावंतवाडीला लेकीशी फोनवर बोलत. लेकीचं, किशोरीचं, एक टुमणं होतं. तिच्या मुलाने, प्रीतमने, हॉटेलचं शिक्षण घेतलं होतं. मामाला मूलबाळ नाही, म्हणजे देवबागचं घर पुढेमागे त्याचंच, तर पर्यटकांसाठी खोल्या आताच का काढू नयेत?

“घर खंय पळान जाता गो? वायच दम धर,” यशोदाबाई तिला गप्प करत. चारुताला ते ऐकून बरं वाटे. आपली बाजू घेणारं कुणीतरी या घरात होतं.

शिमगा झाला आणि चारुताला दिवस गेले.

त्या दिवशी तिने आठवड्याचं सगळं ठरलेलं धाब्यावर बसवलं. मालवणच्या बाजारातून सुरमई आणली, रव्यात घोळवून तळली, आणि पहिली तुकडी सासूच्या ताटात वाढली.

यशोदाबाईंनी ताट मागे सारलं. “माका नको. माझो नवस अजून पुरो होवक नाय.”

चारुताला आपली चूक कळली. तिने जीभ चावली. “खरा आसा, आई. बाळ आधी हातात येवंदे.”

यशोदाबाईंनी पिठी ओतून घेतली.

आता आठवड्याचं जेवण पोटातल्या जिवाच्या हिशेबाने ठरू लागलं. अंडी आली, दूध वाढलं, सुशांतने आपल्या ताटातला एक बांगडा कमी केला आणि तो हसत हसत केला. त्या घरात इतकं हसणं कधी झालं नव्हतं. यशोदाबाई रोज देवळात जात होत्या. पूर्वी फक्त सोमवारी जायच्या.

चौथ्या महिन्यात एका सकाळी, एसटीला निघतानाच, चारुताच्या पोटात कळ आली. शेजाऱ्यांच्या गाडीतून मालवणला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सुशांतच्या खांद्यावर हात ठेवला. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

चारुता घरी आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच उरलं नव्हतं. ती नुसती पडून राहिली. मग रविवार आला. रविवार काय, कुणाचं काही झालं तरी येतोच. ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली.

यशोदाबाई आडाळ्यावर बसून बांगडे चिरत होत्या.

“आई, बुधवारी तारले...” एवढंच चारुताच्या तोंडून निघालं. समोरच्या बाईने दोन वर्षं जिभेवर निखारा ठेवल्यासारखी काढली होती, आणि कशासाठी? तिला स्वतःच्या दुःखापेक्षा ते जास्त लागलं. ती मटकन खाली बसली आणि सासूच्या मांडीवर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. “माझ्यामुळे तुमचो नवस फुकट गेलो, आई. किती सोसलात तुमी!”

यशोदाबाईंनी शेजारच्या पातेल्यातल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि तिच्या केसांवरून मायेने फिरवले.

“रडू नको गो, चेडवा. देव फुकट घालवणा नाय,” त्या म्हणाल्या. “नवस पुरो झालो. आजपासून माका पण मासे वाढ.”