भिंतीकडची कूस

अंथरुणाला खिळलेल्या विमलाबाईंच्या उजव्या खुब्यावरची जखम चिघळत चालली होती. तरीही त्या उजवी कूस सोडायला तयार नव्हत्या. पंचवटीतल्या त्या अरुंद खोलीत खाट फिरवायला जागा नव्हती, आणि डाव्या कुशीवर निजवले की तोंड भिंतीकडे होई.

“आजी, आता हट्ट केलात तर जखम हाडापर्यंत जाईल,” त्यांची शुश्रूषा करणारी दीपमाला म्हणाली.

“जाऊ दे गं बाई. पाठ दिसली, की मला झोप लागली असं समजून आमचा नवनाथ दारातूनच माघारी जातो.”

“एवढंच ना? तुम्ही जाग्या आहात हे मी सांगेन त्यांना.”

त्या शब्दावर विसंबून विमलाबाईंनी कूस बदलू दिली. संध्याकाळी मुलाची पावले उंबरठ्यापाशी येऊन थांबली.

“या दादा, बसा. आजी जाग्याच आहेत,” दीपमाला म्हणाली.

“हळू बोला, सिस्टर,” नवनाथ कुजबुजला. “मी आलोय हे तिला कळू देऊ नका.”

विमलाबाईंनी डोळे मिटले, आणि दारापर्यंत ऐकू जाईल असा झोपेतला संथ श्वास त्या घेऊ लागल्या.