ऐकायचा अल्बम

"हं, आता सांगा," माया म्हणाली आणि तिनं अल्बम सुशीलच्या मांडीवर सरकवला.

सुशीलला कळेना, काय सांगायचं. नागपुरात लग्नाचे फोटो काढण्यात त्याची अर्धी उमर गेली होती. अल्बम पोचवायचा, चहा घ्यायचा, पानं उलटताना घरचे हसले की उठायचं. पण इथं समोर बसलेले नवराबायको दोघंही जन्मापासून आंधळे. प्रशिक बँकेत टेलिफोन ऑपरेटर, माया अंधविद्यालयात शिक्षिका. काम ठरवताना तिनं फोनवरच सांगितलं होतं, "फोटो चांगले काढा भाऊ. आम्ही नाही पाहणार, पण पाहणारे पुष्कळ आहेत."

त्यानं पहिलं पान उघडलं. "तुम्ही प्रशिकभाऊंना हार घालून राहिल्या."

"ते मले माहीत आहे. मी तिथंच होते ना!"

प्रशिक मोठ्यानं हसला. सुशीलनं फोटो डोळ्यांजवळ धरला. "हार घालताना तुमची बोटं त्यांच्या कानाला लागली. ते मान खाली घालून हसून राहिले. मागं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या आहेत. एक विझली, अन् जांभळ्या साडीतल्या एक बाई ती लावायला वाकल्या."

"मामी! तिले चैनच नाही."

मग त्याला जमत गेलं. आपल्याच फोटोंमध्ये एवढं काही आहे, हे तो आज पहिल्यांदा पाहत होता. आपला हात चांगला आहे, असंही त्याला मनातून वाटून गेलं.

प्रशिकची मोठी बहीण प्रीती चहा ठेवून गेली. जाताना तिनं भिंतीला टेकवलेल्या, कागदात गुंडाळलेल्या मोठ्या फ्रेमकडे खूण केली. सुशीलनं मान हलवली.

"माझे बाबा कुठं आहेत का त्याच्यात?" मायानं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "त्यांना आमचं लग्न पसंत नव्हतं. दोघंही आंधळे, संसार कसा कराल, म्हणत. त्या दिवशी आले, पण 'जेवणाचं पाहतो' म्हणून गेले ते माझ्याशी धड बोललेच नाहीत."

सुशील पानं उलटत राहिला. एका ठिकाणी थांबला.

"आहेत. हॉलच्या दाराजवळ एकटे उभे आहेत. हातात ताट आहे, पण जेवत नाहीत. स्टेजवर तुमच्याकडे पाहून राहिले."

"चेहरा कसा आहे?"

"राग नाही. रडूही नाही. छाती काढून उभे आहेत, ताई. ते पाहा, ती माझी पोरगी, असं जसं काही सगळ्या हॉलला सांगून राहिले."

मायानं त्याच्याकडे तोंड वळवलं. "मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले का?"

"नाही. कॅमेऱ्यात जे आलं तेच सांगतो."

प्रीती तेवढ्यात बाहेर आली. "मोठा फोटो दाखवला की नाही?" तिनं फ्रेमवरचा कागद फाडला. "वा! डोळे किती सुंदर आले दोघांचे!"

"कोणाचे डोळे?" प्रशिकनं विचारलं.

प्रीतीनंच सुशीलला फोन केला होता. लोक आधी डोळेच पाहतात हो भाऊ, भिंतीवर तरी माझ्या भावाचे उघडे असू द्या, म्हणाली होती. सुशीलनं कॉम्प्युटरवर दोघांचे मिटलेले डोळे उघडून दिले होते, टपोरे, चमकदार. काम इतकं सफाईचं झालं होतं की त्यानं स्टुडिओत येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवलं होतं.

आता काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. सुशीलच्या बोटाखाली अल्बममधले, दाराजवळ उभे असलेले मायाचे वडील होते. त्यानं बोट काढलं.

"तुमचे नाहीत," तो म्हणाला. "मी लावलेले आहेत. हा फोटो परत नेतो. तुमचा स्वतःचा आणून देतो."

"ताई," प्रशिक हळूच बहिणीला म्हणाला, "भिंतीवर आम्हीच पाहिजे होतो न वं."

"चुकलं रे माझं," म्हणत प्रीतीनं फाटका कागद पुन्हा फ्रेमवर ओढला.

"अन् बाबांचा फोटो?" मायाचा आवाज कोरडा झाला होता. "तोही कॉम्प्युटरचाच?"

"नाही ताई. शपथ घेतो."

पण आपल्या शपथेला आता वजन उरलं नाही, हे त्यालाही कळत होतं.

दाराची कडी वाजली. मायाचे वडील दादाजी कोराडीहून आले होते. जन्म वीजकेंद्राच्या कोळशात गेला, आता रिटायर. मेथी-वांग्यांची थैली त्यांनी प्रीतीकडे दिली, पाणी प्यायले, आणि सगळे एवढे गप्प काहून, ते न कळून समोरचा अल्बम ओढून घेतला. चष्मा लावला. पान तेच उघडं होतं.

"हा माहा फोटो कोनं काढला गा?" ते एकदम ओरडले. "कोंबड्यावानी छाती फुगवून उभा हावो! भर हालमंधी लाज नाही वाटली मले!"

माया उठली. चाचपत त्यांच्यापाशी आली. "बाबा, उभे राहा बरं."

"काहून वं?"

"राहा ना."

दादाजी उभे राहिले. तिनं हात पुढं केला आणि त्यांच्या छातीवर सपाट ठेवून दिला.

"सुशीलभाऊ," थोड्या वेळानं ती म्हणाली, "आमचा फोटो बदलून आणाल तेव्हा हाही मोठा करून आणा. बाजूलाच लावू."

"मले कोन पाह्यते वं भिंतीवर!" दादाजी म्हणाले.

पण खाली बसले मात्र नाहीत.