पश्चात्ताप

लुईझियानाच्या तुरुंगात म्हाताऱ्या डेल्बर्टला आता काहीच आठवत नव्हतं. राज्याच्या कायद्यानं अशा थकलेल्या कैद्याला घरी सोडता येत होतं, फक्त सुटका ठरवणाऱ्या पॅरोल बोर्डाला पश्चात्ताप दिसायला हवा होता. त्याला रोज भरवणारा कैदी टेरेल घोकवून घ्यायचा, "म्हातारबा, बोर्डासमोर एवढंच म्हणा, माझं चुकलं."

टेरेलनंच त्याची चाकाची खुर्ची आत ढकलली. बोर्डाच्या बाईंनी विचारलं, "दुकानदाराचा खून केलात, वाईट वाटतं?"

"अरे देवा! कुणी केला खून?"

बाईंनी सगळं प्रकरण वाचून दाखवलं. दुकानदाराची चिमुरडी लेक पोरकी झाल्याचं ऐकून डेल्बर्ट ढसाढसा रडला. बाईंचाही आवाज ओला झाला. टेरेलला वाटलं, सुटला म्हातारा!

डेल्बर्टनं डोळे पुसले. "बाई, पाया पडतो, पण त्या हरामखोराला मरेपर्यंत सोडू नका."