गंज न लागणारी तार

राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तरी लाल दिवा जाईना. ऑफिसशी जोडून ठेवणारं व्हीपीएन आजही ऐन मीटिंगमध्ये तुटलं होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“रोज याच वेळेला तुझं नेट जातं. क्लायंट आता ऐकून घेत नाही. उद्यापासून लॉगिन करू नकोस.”

फोन ठेवून तो खिडकीतून आत आलेल्या वायरीचा माग काढत गच्चीवर गेला. आता बिघाड सापडून काही उपयोग नव्हता, तरीही.

नेटची वायर ओल्या कपड्यांच्या भारानं पार लोंबली होती. सगळे त्याचेच शर्ट. आई निळ्या शर्टाला चिमटा लावत होती.

“आई, रोज यावरच वाळत घालतेस?”

“जुन्या तारेचा गंज लागतो रे शर्टांना. डाग पडलेला शर्ट घालून साहेबांसमोर बसशील का?” तिनं कॉलर सरळ केली. “हा संध्याकाळपर्यंत वाळेल. इस्त्री करून ठेवते. उद्या मीटिंगला घाल.”

“बरं,” तो म्हणाला. बादलीत एक शर्ट उरला होता. त्यानं तो झटकला आणि त्याच वायरीवर वाळत घातला.