वगळायचं कोणाला

कटरचं पातं थांबलं तशी छापखान्यात शांतता पसरली. मॅनेजर कागदांच्या गठ्ठ्याला टेकला आणि घसा खाकरून म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पुन्हा वाढलाय. मालक गेल्या वर्षीएवढेच पैसे देणार. म्हणजे यंदाही कोणाला तरी वगळावं लागणार. विमा कंपनी म्हणते, बाळंतपणाचा खर्च काढा. तुम्हीच ठरवा काय ते."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. सध्या एकाच घरी पाळणा हलायचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफसेट मशीनवरचा बारक्या चिंधीला बोटं पुसत उभा होता. शाई केव्हाच निघाली होती, तरी तो पुसत होता.

"ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

बरोबर निम्मे हात वर गेले. ज्यांची लग्नं व्हायची होती आणि ज्यांची मुलं मोठी झाली होती, त्यांनी आपापल्या चपलांकडे पाहणं पसंत केलं. राहिली ती फक्त कटरवरची ताई; आता तिच्या एका मतावर सारं अडलं होतं. तिने हात वरही केला नव्हता आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

बारक्या तिच्याजवळ गेला. "ताई, मूल आडवं आहे. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही म्हणतात डॉक्टर. बायकोला अजून सांगितलंही नाही मी."

तिने कोऱ्या कागदांची थप्पी कटरवर ठेवली, कडा थोपटून सरळ केल्या. "गेल्या वर्षी इथंच उभा राहून विम्यातून आईवडिलांची नावं काढायला लावलीस. काय म्हणाला होतास रे? सांग की सगळ्यांना."

"बोलून गेलो तेव्हा, ताई."

"पिकल्या पानांवर किती खर्चायचं, म्हणालास. सगळे हसले होते. चांगला जमला होता विनोद." तिचा आवाज जराही हलला नाही. "माझी आई महिनाभर खाटेवर पडून होती. रोज विचारायची, दवाखान्यात कधी न्यायचं गं? मी म्हणायचे, उद्या."

"माझ्या बाळानं काय वाकडं केलंय तुमचं?"

"माझ्या आईनं तुझं केलं होतं?"

वर्षभर कागद कापता कापता तिने हा क्षण मनाशी घोळवला होता. त्यात बारक्याचा चेहरा असाच उतरलेला असे. फक्त त्याचे डोळे इतके कोवळे नसत. त्या कोवळेपणाचाही तिला राग आला.

"बोला ताई," मॅनेजर घड्याळाकडे पाहत म्हणाला. "हात वर की नाही?"

कटरची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पातं खाली येत नसे. चुकून कोणाचा हात खाली सापडू नये म्हणून केलेली ती सोय होती. तिने दोन्ही तळवे बटणांवर ठेवले आणि दाबले. पातं सरसरत उतरलं. कागदाच्या अरुंद पट्ट्या तिच्या पायाशी गळून पडल्या.

"माझे दोन्ही हात गुंतलेत," ती म्हणाली. "दिसतंय ना."

बारक्या खाली मान घालून माघारी वळला. तिच्या छातीत इतके दिवस रुतून बसलेलं काहीतरी सैल झालं. तिने श्वास घेतला. तो पार पोटापर्यंत पोचला.

"बाळंतपण गेलं." मॅनेजरने कागदावर काट मारली, पण तो उठला नाही. "तरीही भागत नाही. कंपनीनं आणखी एक सुचवलंय. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा हप्ता सगळ्यांत जड पडतो. त्यांना ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

कोणीतरी उगीच खोकलं. बारक्याने मान वर केली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या भांगातल्या पांढऱ्या केसांकडे, आणि बराच वेळ तो तिथेच पाहत राहिला. मग त्याने आपले दोन्ही हात सावकाश पाठीमागे नेले.